‘टेन्शन आहे, दुसरं काही नाही’

मागच्या व्याख्यानात आपण देकार्तपाशी थांबलो होतो. मन वेगळं, शरीर वेगळं, असं त्यानं मांडलं. १६४३ मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं त्याला पत्रातून विचारलं की, मन जर जागाच व्यापत नाही, तर ते शरीराला हलवतं कसं? त्याला याचं धड उत्तर देता आलं नाही, असं आमचं मत. गंमत बघा, दोन वर्षांनी तिला बारीक ताप येऊ लागला, तेव्हा त्याचं मूळ दुःखात आहे, असं त्यानंच तिला कळवलं!

हाच प्रश्न आता हृदयरोगाच्या वॉर्डात नेऊ. समजा, पती गेल्यावर काही तासांतच साठीच्या एका बाईंच्या छातीत दुखू लागलं. ईसीजी बिघडलेला, रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं. सगळं हार्ट अटॅकसारखं. पण अँजिओग्राफीत त्याला कारण ठरेल असा अडथळा सापडत नाही. डाव्या कप्प्याचं टोक मात्र फुग्यासारखं फुगलेलं. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी याला ‘ताकोत्सुबो’ म्हटलं. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं, तोंड अरुंद आणि खाली गोल. धक्क्यानं अ‍ॅड्रेनालीनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो आणि हृदयाचा स्नायू काही काळ बधिर होतो, असं मानतात. या रुग्णांत दहापैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुतेक पाळी गेल्यानंतरच्या. इस्ट्रोजेनचं संरक्षण कमी होणं हे त्याचं एक कारण असावं.

असा मोठा धक्का बसायलाच हवा, असंही नाही. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात हृदयरोग्यांना चारचौघांपुढे बोलायला लावून ताण दिला गेला. त्या ताणात काहींच्या हृदयाला रक्त कमी पडलं. पुरुषांमध्ये याचा संबंध मुख्यतः रक्तदाब आणि हृदयावरचा भार वाढण्याशी दिसला. स्त्रियांमध्ये बारीक रक्तवाहिन्या आवळण्याशी. आणि या बारीक वाहिन्या नेहमीच्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत.

मग रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की घरी म्हणतात, “टेन्शन आहे, दुसरं काही नाही.” हे वाक्य आमच्याही घरात बोललं गेलंय, आणि बोलणारे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते! टेन्शन खरंच होतं. चुकलं ते ‘दुसरं काही नाही’.

ताकोत्सुबोचं हृदय बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होतं, पण सुरुवातीचे दिवस धोक्याचे असतात. आणि तो आहे की हार्ट अटॅक, हे घरी बसून ओळखता येत नाही. छातीत, जबड्यात, पाठीत अचानक दुखलं, दम लागला, तर आधी १०८ ला फोन. कारण नंतर शोधू.

आता तुमचे प्रश्न घेऊ.