चंदनापुरीचा घाट

पुण्याहून नाशिकला जाताना घारगाव मागे पडले, की थोड्या वेळाने चंदनापुरीचा घाट लागतो. तो उतरला की संगमनेर. घाटाच्या अलीकडे मुळेचे खोरे, पलीकडे प्रवरेचे. मध्ये बाळेश्वराची डोंगररांग. मुळा हरिश्चंद्रगडाकडून येते, प्रवरा रतनगडाकडून. खाली गेल्यावर दोघी एकमेकींना मिळतात, पण इथे त्यांच्या काठची गावे सारखी नाहीत. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेला कालवे निघाले, ऊस आला, साखर कारखाना आला. मुळेचे मोठे धरण मात्र पार खाली, राहुरी तालुक्यात. वरच्या पठार भागाची शेती बरीचशी पावसाच्या भरवशावर. म्हणून पठारावरचा माणूस कॉलेजला, दवाखान्याला, कचेरीच्या कागदाला आणि मजुरीलाही घाट उतरतो.

माझी आत्या या पठारावरची. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात ठिकठिकाणी रस्त्यांची कामे निघाली, तेव्हा ती खडी फोडायला जात होती. दुपारी सुकडी मिळायची. पाण्याच्या रांजणाला मात्र आपल्या बायांनी हात लावायचा नाही, वरून कोणी ओतील तेव्हा ओंजळीत घ्यायचे. फोडलेली खडी तेवढी सगळ्यांची एकाच ढिगात जायची! एके दिवशी कपची उडून तिच्या डोळ्यात गेली. दवाखाना घाटापलीकडे. गाडी मिळेपर्यंत अंधार पडला. तो डोळा कायमचा गेला. ना भरपाई, ना चौकशी.

पुढे राज्याने रोजगार हमीचा कायदा केला, १९७९ पासून तो लागू झाला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, असा हक्क झाला. आत्याला त्याचे फार कौतुक. "आधी काम म्हणजे मेहरबानी होती," ती म्हणते.

जुना घाट अरुंद, आंधळ्या वळणांचा. एक ट्रक बंद पडला की तासन्‌तास खोळंबा. खेड ते सिन्नर चौपदरी रस्ता झाला, तेव्हा इथला डोंगर कापून वाट मोठी केली. आता मोटारीला काही मिनिटे पुरतात. ज्यांच्याकडे मोटार नाही, ते फाट्यावर हात करीत उभे असतात, आणि जलद गाड्या तशाच पुढे जातात.

मध्यंतरी आत्याला डोळे तपासायला घेऊन जीपने निघालो. कापलेल्या कड्याकडे ती मान वळवून बघत राहिली.

"मशिनीनं फोडला का रं?"

"हो आत्या."

"बरं झालं," म्हणाली, आणि उन्हाची तिरीप आली म्हणून पदर पुढे ओढून घेतला.