दावा न सांगितलेली ठेव

श्रीगोंद्याच्या शाखेत असताना माझ्याकडे एक नावडते काम होते. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांची यादी काढायची आणि वारस शोधत वाड्या-वस्त्या हिंडायच्या. त्या यादीची आठवण परवा जॅझच्या तबकड्यांनी करून द्यावी, ही गंमतच!

पुतण्याने ‘इंटिग्रेशन’ ऐकवली. गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा यांची ही पहिली तबकडी, १९६९ ची, लंडनची. माणूस मूळचा गोव्याचा, जन्म १९३६ चा, मुंबईतला. साथीला डॉन रेंडेलचा सॅक्सोफोन, इयन कारचे ट्रम्पेट. आमच्या लहानपणी गिटार म्हणजे सिनेमा, एवढीच समज. इथे तीच गिटार सतारीची वळणे घेत होती. मी पुन्हा लावायला सांगितली.

त्याच सुमाराच्या ‘हम दोनो’त (देव आनंदचा सिनेमा नव्हे!) जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आहेत आणि गायिका नॉर्मा विन्स्टन. तिच्या गाण्यात शब्द नाहीत, नुसते स्वर. आलापीवर वाढलेल्या कानांना यात परके ते काय?

मग ‘कोकण डान्स’. १९७२ साली मुद्रित झाली आणि पडून राहिली. डिसिल्व्हा १९९६ साली गेले. तबकडी निघाली २००६ मध्ये. चौतीस वर्षे!

काष्टीच्या एका आजींना मी त्यांच्या दिवंगत यजमानांच्या विसरलेल्या ठेवीचा कागद दाखवला होता. रक्कम त्यांनी विचारलीच नाही. सहीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘साहेब, ही त्यांच्याच हातची ना?’’