वखारीपेक्षा वही मोठी

व्यापाराचे खरे बळ भांडवलात की हिशेबात, असे कोणी विचारले असते तर आमच्या वाडवडिलांनी हिशेबाकडेच बोट दाखविले असते. भीमाकाठच्या अफजलपूर तालुक्यातील करजगीसारख्या गावी तुरीचा व्यापार करणारांस हे निराळे सांगावयास नको. वखारीत शेकडो पोती असली, तरी कोणाचे पोते कोणत्या थप्पीत आहे हे वहीच सांगते. वही हरवली की माल जागच्या जागी असूनही मालकाच्या हाती लागत नाही.

आज आमच्या अनेक पेढ्यांची बिले व हिशेब इंटरनेटद्वारा दूरच्या साठाकेंद्रांत ठेवले जातात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात व ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी केंद्रे सुरू केली. ही नवी वखार कशी चालते, हे आमच्या व्यापारी बांधवांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

तेथे प्रत्येक दस्तऐवज हा स्वतंत्र नग मानतात. त्यास ‘ऑब्जेक्ट’ ही संज्ञा आहे. नगाची नोंद म्हणजे ‘मेटाडेटा’. तीत नाव, आकार, तारीख, साठ्याचा वर्ग आणि ताळा असतो. हा ताळा म्हणजे नगातील सर्व मजकुरावरून गणिताने काढलेला आकडा होय. एक अक्षर बदलले तरी तो जुळत नाही. नग कोठे ठेवला, हेही वहीतच असते. मागणी येताच प्रथम वही पाहतात आणि मग नगाकडे वळतात. ‘सेफ’ नावाच्या प्रणालीत मात्र नावावरूनच ठरलेल्या गणिताने जागा काढतात. प्रत्येक नगाची जागा निराळी लिहून ठेवावी लागत नाही.

रोज लागणारा माल आपण गादीजवळ ठेवतो आणि क्वचित लागणारा गावाबाहेरच्या वखारीत. येथेही तसेच वर्ग आहेत. जवळच्या वर्गास भाडे अधिक, पण नग तत्काळ मिळतो. ॲमेझॉनने २०१९ साली सुरू केलेल्या सर्वांत खोल वर्गात भाडे अत्यल्प. परंतु नग परत मिळण्यास सामान्यतः बारा तासांपर्यंत, आणि स्वस्त रीतीने मागविल्यास अठ्ठेचाळीस तासांपर्यंत वेळ लागतो. काढण्याचे शुल्क वेगळे, आणि १८० दिवसांच्या आत नग हलविला तरी उरलेल्या दिवसांचे भाडे सुटत नाही.

नग एका वर्गातून दुसऱ्यात नेताना क्रम पाळावा लागतो. प्रथम नव्या जागी प्रत करावी, मग ताळा पाहावा, त्यानंतर वहीत नवी जागा लिहावी आणि अखेरीस जुनी प्रत पुसावी. काम मध्येच खंडित झाले, तर या क्रमाने फार तर दोन प्रती राहतात व थोडे भाडे वाढते. क्रम उलटला, तर मालच बुडतो. नगाचे नाव मात्र तेच राहते. म्हणून मालकास ही हालचाल जाणवतही नाही.

वहीचे महत्त्व २८ फेब्रुवारी २०१७ रोजी जगास कळले. अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया केंद्रात काही थोडे सर्व्हर बंद करावयाचे होते. आज्ञा देताना चूक झाली आणि हवे त्याहून अधिक सर्व्हर बंद पडले. त्यांत नगांच्या नोंदी व ठिकाणे सांभाळणारा विभाग होता, तसाच नव्या नगास जागा नेमून देणारा विभागही होता. दोन्ही पुन्हा सुरू करून नोंदींची शहानिशा करण्यास चार तासांहून अधिक वेळ गेला. तोवर असंख्य संकेतस्थळे खोळंबली. वखार शाबूत होती. वही मिटलेली होती.

वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६ व्या कलमान्वये वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपणे बंधनकारक आहे. म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक बिलास वर्ष, पक्षकार व क्रमांक दर्शविणारे नाव द्यावे. चालू वर्षाचे कागद खोल वर्गात टाकू नयेत. नोंदींची एक यादी स्वतःपाशी ठेवावी. आणि दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी एखादे जुने बिल मागवून ताळा पाहावा. अधिकारी दारी आल्यावर बारा तास थांबा म्हणणे कोणत्याही पेढीस शोभणारे नाही.