एचआयव्ही असला तरी मूत्रपिंड बसवता येतं

गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगडमध्ये विचारा नाहीतर नागपुरात, उत्तर बहुधा एकच मिळतं: एचआयव्ही होता, त्यात किडनीही गेली, आता डायलिसिसवर निघतील तेवढे दिवस. पंचवीस वर्षांपूर्वी डॉक्टरही हेच सांगत. आज हे उत्तर चूक आहे, तरी घरोघरी तेच चालू आहे.

यामागचा तर्क वरवर बिनतोड वाटतो. एचआयव्हीनं प्रतिकारशक्ती आधीच खाल्लेली; प्रत्यारोपणानंतर ती आणखी दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या; म्हणजे एड्सला आवतणच. अमेरिकेतल्या १९ केंद्रांनी हा तर्क तपासून पाहिला. १५० बाधितांना मूत्रपिंड बसवलं आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. वर्षानंतर सुमारे ९५ टक्के आणि तीन वर्षांनंतर ८८ टक्के रुग्ण जिवंत होते. एचआयव्ही उसळला नाही. निवड मात्र पारखून केली होती: प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी २०० च्या वर आणि रक्तात विषाणू सापडू नये इतका दबलेला. आजही ठिकठिकाणी साधारण हीच अट असते, आणि एचआयव्ही दाबणारी एआरटीची गोळी न चुकवणाऱ्याला ती अवघड नाही.

खरी अडचण भलतीकडेच निघाली. पहिल्याच वर्षी ३१ टक्के रुग्णांच्या शरीरानं नव्या मूत्रपिंडावर हल्ला केला. एचआयव्ही नसलेल्यांच्या तुलनेत हे प्रमाण दुपटी-तिपटीचं होतं. म्हणजे जी प्रतिकारशक्ती संपली असं आपण धरून चालतो, तीच परकं मूत्रपिंड नाकारण्याइतकी जागी होती. एक कारण औषधांच्या आपसातल्या भांडणाचं. रिटोनाव्हिर असलेल्या जुन्या एआरटीमुळे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी कित्येक पटींनी चढते, एफाव्हिरेन्झनं ती उतरते. मात्रा बसवता बसवता डॉक्टरांच्या नाकी नऊ येत. सरकारी एआरटी केंद्रात आता सर्रास मिळणाऱ्या गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर टॅक्रोलिमसच्या वाटेला जात नाही.

‘बाधिताला दिलेली किडनी वाया जाते’ हे तर सरळ खोटं. अमेरिकेत अशा ५१० रुग्णांची एचआयव्ही नसलेल्या, पण बाकी बाबतींत जुळणाऱ्या रुग्णांशी तुलना झाली. नुसता एचआयव्ही असलेल्यांत पाच आणि दहा वर्षांनी मूत्रपिंड टिकण्याचं प्रमाण सारखंच आलं. मागे पडले ते एचआयव्हीसोबत हेपटायटिस-सी असलेले.

‘एआरटीनंच किडनी घालवली’ यात थोडं तथ्य आहे. एआरटीतलं टेनोफोव्हिर काहींच्या मूत्रपिंडाला बाधतं, म्हणून मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनची तपासणी वेळेवर व्हायला हवी. पण डोल्युटेग्राव्हिरमुळे मूत्रपिंडाला काहीही न होता क्रिएटिनिनचा आकडा जरासा चढतो. आकडा पाहून मनानंच गोळी सोडणाऱ्याचं नुकसान दुहेरी: विषाणू मोकळा सुटतो, आणि हाच विषाणू मूत्रपिंड पोखरतो. बाधणारी गोळी बदलून मिळते. ते काम एआरटी केंद्राचं, आपलं नव्हे.

कुठल्या रुग्णालयानं केवळ एचआयव्हीमुळे डायलिसिस किंवा शस्त्रक्रिया नाकारली, तर ते बेकायदा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि त्यात राज्याच्या लोकपालाकडे तक्रारीची सोय आहे. हे कागदावर आहे हे मलाही कळतं. पण कागद माहीत असलेल्या माणसाशी बोलण्याचा सूर बदलतो.

आता दात्याचं. आपल्याकडे बहुतेक मूत्रपिंडं घरातूनच येतात, बायकोकडून, आईकडून, भावंडाकडून. पण एचआयव्हीच्या घरात अनेकदा नवरा-बायको दोघंही बाधित असतात, आणि हक्काचा एक दाता तिथेच कमी होतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला डॉ. एल्मी म्युलर यांनी २००८ मध्ये बाधित मृत दात्यांची मूत्रपिंडं बाधितांनाच बसवायला सुरुवात केली, आणि ती चालली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या १९८ रुग्णांच्या अभ्यासातही अशा मूत्रपिंडांचे परिणाम इतरांच्या तोडीस तोड आले. भारतात ती वाट अजून रुळलेली नाही. तेव्हा घरात जुळणारा दाता नसेल, तर मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव लागायला हवं. विदर्भाची यादी नागपूरचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र सांभाळतं, आणि नाव नोंदवायचं ते प्रत्यारोपणाची परवानगी असलेल्या रुग्णालयामार्फत. गोंदिया जिल्ह्यातल्या माणसानं डायलिसिस लागल्या लागल्या, एआरटीचं पुस्तक आणि ताजा व्हायरल लोडचा रिपोर्ट घेऊन अशा रुग्णालयात जावं.