पवईत झालेले औषध आपल्या घरापर्यंत यावे

वस्तीत गेले की हल्ली विचारतात, “ताई, ब्लड कॅन्सरवर नवं औषध निघालंय म्हणे?” निघाले आहे. तेही आपल्या बोरीवलीच्या नॅशनल पार्कपलीकडे, पवईत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या ‘नेक्सकार १९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली.

यात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून घेतात. प्रयोगशाळेत त्यांच्यात असा बदल करतात की त्या कॅन्सरची पेशी ओळखून मारतील. मग त्या शिरेतून परत सोडतात. परदेशात याला तीन-चार कोटी रुपये लागतात, इथे तीस-चाळीस लाखांच्या आसपास. पण घरकाम करणाऱ्या बाईला तीस लाखही कोटीसारखेच!

हा उपचार सगळ्या कॅन्सरवर नाही. काही ठरावीक ब्लड कॅन्सर केमोनंतर उलटले किंवा केमोला दाद देत नसले, तरच. म्हणून याची वाट पाहत चालू केमो सोडू नका. आणि खोली विकायला काढण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा.

या दोन्ही संस्था जनतेच्या पैशावर चालतात. तिथले औषध गरिबालाही मिळावे, ही मागणी आपण लावून धरू.