मोटर एक, चाकं दोन: टॉर्क कुणाला किती?

सोलापूर-पुणे महामार्गावरच्या चिंचोळी एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचा भाग. इलेक्ट्रिक गाडीत त्याला कामच नाही! म्हणूनच की काय, याच कंपनीने २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या इमॉस या इलेक्ट्रिक ट्रकवाल्या कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेतला. मला हे धोरण आवडलं.

आता मुद्द्याचं, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीत टॉर्क चाकांमध्ये कसा वाटला जातो त्याचं. छोट्या मालवाहू गाडीत इंजिन काढून मोटर बसवली, तरी मागचं डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणारी गिअरची जोडणी, बहुधा तेच राहतं. साधं डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतं. समजा, डावं चाक रस्त्याकडेच्या ओल्या काळ्या मातीत गेलं आणि तिथे पकड १०० न्यूटन-मीटरचीच आहे. मग डांबरावरच्या उजव्या चाकालाही १००च मिळतात. डावं गरागरा फिरतं, गाडी जागची हलत नाही. त्यात मोटर शून्य वेगापासून पूर्ण टॉर्क देते, म्हणजे घसरायला निमित्तच.

यावर उपाय काय? घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावायचा. ब्रेकने ३०० अडवले, की डाव्याला ४०० लागतात आणि उजव्यालाही ४०० मिळतात. थोडी ऊर्जा वाया जाते, ब्रेक तापतात, पण गाडी निघते. शिवाय कंट्रोलर मोटरचा टॉर्क काही मिलिसेकंदांत कमी करू शकतो. इंजिनाला एवढी चपळाई जमत नाही.

२०२५ मध्ये आलेल्या टाटा हॅरिअर ईव्हीच्या चारचाकी ड्राइव्हमध्ये पुढे-मागे स्वतंत्र मोटर आहेत. तिथे पुढे किती, मागे किती, हे सॉफ्टवेअर ठरवतं. डावं-उजवं मात्र पुन्हा डिफरन्शिअल आणि ब्रेकवरच.