बनावट गिऱ्हाइकाची साक्ष

ज्या वर्धा जिल्ह्यात गांधीजींनी 1936 साली शेगावच्या माळावर आपले बिऱ्हाड हलविले, ज्या शेगावचे पुढे सेवाग्राम झाले, आणि ज्या जिल्ह्याला त्या निवासाच्या पुण्याईवर सत्तरच्या दशकाच्या मध्यास शासनाने संपूर्ण दारूबंदी लागू केली, त्या जिल्ह्याच्या गेल्या अर्धशतकाचा इतिहास लिहिताना पुढारी, आश्रमवासी आणि पोलीस अधिकारी यांची नावे कोणीही विसरणार नाही. परंतु बंदीच्या खटल्यांचा सारा डोलारा ज्याच्या खांद्यावर उभा राहिला, त्या बनावट गिऱ्हाइकाचे स्मरण मात्र कोणी करीत नाही. पोलिसांच्या बोलीत त्याला पंटर म्हणतात. तो पगारी शिपाई नव्हे, बक्षिसाची निश्चिती असलेला खबऱ्याही नव्हे. पुष्कळदा तो शेजारच्या गावचा एखादा मजूर किंवा चहाच्या टपरीवर बसलेला साधा इसम असतो.

त्याची कामगिरी ठरलेली असते. नोटेचा क्रमांक पंचांसमक्ष पंचनाम्यात उतरवून ती नोट त्याच्या हाती द्यावयाची, त्याने अड्ड्यावर जाऊन दारू मागावयाची, सौदा पुरा होताच ठरलेली खूण करावयाची, आणि दबा धरून बसलेल्या पथकाने छापा घालून नोट व मुद्देमाल दोन्ही जप्त करावयाचे. मग नमुन्याच्या बाटलीवर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आणि लाखेची मोहोर लागून ती रासायनिक पृथक्करणासाठी रवाना व्हावयाची. मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949 याखालील विक्रीचा गुन्हा शाबीत करण्यास इतका सरळ पुरावा दुसरा नाही. पण या सरळपणातच त्या माणसाचे दुर्दैवही दडलेले असते, कारण नोटेच्या क्रमांकाबरोबर त्याचे नाव, बापाचे नाव आणि राहण्याचा पत्ता हेही कागदावर चढतात आणि त्या कागदाची नक्कल रीतसर आरोपीच्या हाती पडते.

गुन्हेगारांच्या टोळ्या आतून फोडण्याची विद्या आपल्याकडे नवी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जबलपुरास बसून कर्नल स्लीमनने ठगांचा बीमोड केला तो मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर. परंतु ते साक्षीदार स्वतःच ठग होते. फाशीचा दोर चुकविण्यासाठी त्यांनी सोबत्यांची नावे सांगितली, आणि ज्याला जगण्याचा मोबदला मिळाला त्याच्या धैर्याचा हिशेब मांडण्याचे इतिहासाला कारण पडले नाही. ज्याच्या अंगावर कोणताही कसूर नाही, अशा नागरिकाने गुन्हेगाराच्या दारी खोटे रूप घेऊन जावे, ही कल्पना त्यामानाने पुष्कळ अलीकडची, आणि न्यायासनाला ती बराच काळ रुचली नव्हती. 1956 साली रामजनम सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, नसलेला गुन्हा पोलिसांनी लालूच दाखवून घडवून आणावा आणि मग त्यासाठी माणसाला पकडावे, या प्रकाराचा कडक शब्दांत निषेध केला. पुढे 1958 साली बसावन सिंह खटल्यात सापळ्यातील साक्षीदाराला गुन्ह्याचा साथीदार मानू नये, मात्र तो हितसंबंधी असल्याने त्याची साक्ष पारखून घ्यावी, असा मध्यममार्ग निघाला. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय अचूक असेल. पण ज्याला या खटल्यात स्वतःचे म्हणून काहीही मिळवायचे नव्हते, त्या मजुराला हितसंबंधी म्हणवून घेताना काय वाटत असेल, याचा विचार करावयास कोणाला सवड झाली नाही.

वर्ध्यात या प्रश्नाला आणखी एक पीळ पडला. यवतमाळ, अमरावती, नागपूर या शेजारच्या जिल्ह्यांत परवान्याची दुकाने उघडी आणि मध्ये केवळ नदीचे पात्र किंवा एखादा नाका, अशी ही भूगोलाची थट्टा असल्याने, मोहाच्या सडव्यावर चालणाऱ्या गावठी भट्ट्यांखेरीज बाहेरून येणाऱ्या बाटल्यांचा एक स्वतंत्र व्यापार येथे उभा राहिला, ज्यात माल भरणारा, वाहून नेणारा आणि विकणारा हे तिघे निरनिराळे असतात. बनावट गिऱ्हाईक पोहोचतो तो या साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत. पेला भरून देणारा सापडतो. ट्रकभर माल उतरवून घेणारा त्या पंचनाम्यात कोठेच येत नाही. दारूबंदीचे टीकाकार या व्यापाराचे खापर बंदीवर फोडतात, आणि 1 एप्रिल 2015 रोजी चंद्रपुरात आलेली बंदी 2021 मध्ये उठली तेव्हाही अवैध व्यापार हेच एक मोठे कारण पुढे करण्यात आले; मला तो युक्तिवाद अर्धाच पटतो, कारण ज्या साखळीची वरची टोके कधी खेचलीच गेली नाहीत, तिच्या बळकटीचा दोष केवळ कायद्याच्या माथी मारणे हा आळशीपणा होय.

गावोगावच्या दारूबंदी महिला मंडळांतील बायांना भट्टी कोठे लागते, माल कोणत्या रात्री उतरतो हे पोलिसांहून अधिक ठाऊक असते. पण त्यांना सारा गाव ओळखतो, म्हणून त्यांना गिऱ्हाईक होता येत नाही. गिऱ्हाईक परगावचा लागतो. उलट पंच मात्र शक्यतो त्याच वस्तीतील, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित असावेत, अशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 ची अपेक्षा होती, आणि सबळ कारणाशिवाय पंच होण्यास नकार देणे हा गुन्हा, असेही तेच कलम सांगत असे. ज्याला उद्या त्याच विहिरीवर पाणी भरायचे आहे, त्याला कायद्याने पंच व्हावयास भाग पाडता येते, निर्भय होण्यास भाग पाडता येत नाही. तेव्हा पंच फितूर होतात, किंवा पोलीस ठाण्याच्या ओळखीचाच कोणी नेहमीचा पंच उभा राहतो आणि बचावाचा वकील त्याला पाच मिनिटांत निकालात काढतो.

ही कोंडी शासनाला समजली नव्हती असे नाही. 1981 साली झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींच्या विघातक कृत्यांना आळा घालणारा अधिनियम झाला, त्यात भयग्रस्त नागरिकांच्या जबान्या गुप्तपणे नोंदवून त्यांना साक्षीदार ‘अ’ आणि साक्षीदार ‘ब’ एवढ्याच नावाने पुढे आणण्याचा प्रघात पडला. नाव झाकले गेले खरे, पण त्या जबानीवर शिक्षा होत नाही. फार तर एक वर्षाची स्थानबद्धता होते, आणि वर्षानंतर इसम गावी परत येतो.

बनावट गिऱ्हाइकाच्या या परंपरेला खरी नैतिक उंची दिली ती मात्र दारूच्या नव्हे, गर्भलिंगनिदानाच्या धंद्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्त्रियांनी. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने खरोखरच गरोदर असलेल्या स्त्रियांना सोनोग्राफी केंद्रांत पाठवून दलाल आणि डॉक्टर यांची साखळी उघडी पाडली. पोटात मूल वागवीत, ज्याच्या टेबलावर निजायचे त्याच्याविरुद्धच पुरावा गोळा करायचा, हे धैर्य कोणत्याही हेराच्या चरित्रात शोभावे असे आहे. 2010 साली परळी वैजनाथ येथील डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयावर या अभियानाने असाच सापळा रचला. तरीही तो दवाखाना चालूच राहिला, आणि 2012 च्या मे महिन्यात तेथे गर्भपाताच्या वेळी एका मातेचा मृत्यू झाला तेव्हा कोठे यंत्रणा हलली. त्या मृत्यूबद्दल मुंडे यांना 2019 साली दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. जिने 2010 साली जीव मुठीत धरून सत्य आणून दिले होते, तिचे वेळीच ऐकले असते तर दुसरीचा जीव कदाचित वाचला असता.

संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्राने 1999 साली जो कडक कायदा केला, त्याच्या कलम 19 मध्ये साक्षीदाराची ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद आहे. 5 डिसेंबर 2018 रोजी महेंदर चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली, आणि 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 398 ने अशी योजना करणे हे प्रत्येक राज्याचे कर्तव्य ठरविले. परंतु 2018 च्या योजनेतील गुन्ह्यांची व्याख्या पाहावी: फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षे व त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे, आणि स्त्रियांच्या विनयभंगाची काही कलमे. दारूविक्रीची शिक्षा सात वर्षांपर्यंत पोहोचत नाही. गर्भलिंगनिदानाची पहिल्या गुन्ह्यास तीन आणि पुढच्यास पाच वर्षांवर थांबते. म्हणजे ज्या दोन खटल्यांत शासन सामान्य नागरिकाला वेषांतर करून पुढे पाठविते, त्याच दोन खटल्यांतील साक्षीदार या छत्राबाहेर राहतो. राज्याने आपली योजना आखताना शिक्षेच्या वर्षांची ही अट सापळ्यातील साक्षीदारापुरती काढून टाकावी, आणि पंचनाम्याच्या नकलेतून त्याचा पत्ता वगळण्याची मुभा न्यायालयास द्यावी. त्याला संसदेच्या नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.